दादाचं उत्तर

३ मार्च

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

'आईला तुझ्याकडे आणू का', या तुझ्या प्रश्नाला महिनाभर उत्तर नाही, म्हणून रागावली आहेस. उत्तर मी त्याच दिवशी ईमेलने पाठवलं होतं. तोंडी कारभार मला चालत नाही, हे तुला ठाऊक आहे. शिवाय पाठवलं ते घरच्या, मी स्वतः उभारलेल्या सर्व्हरवरून. फुकट खात्यांचा मिंधा मी नाही.

सर्व्हरच्या नोंदीत 'पलीकडे स्वीकारलं' असं स्वच्छ आहे. तुझ्या ईमेलवाल्यांनी घेतलं आणि स्पॅममध्ये कोंबलं! कारण शोधून काढलं. माझा सर्व्हर स्वतःचं एक नाव सांगतो, आणि त्याच्या आयपी पत्त्यावरून उलट चौकशी केली की इंटरनेट कंपनीने ठेवलेलं भलतंच नाव निघतं. पाहुण्याने दारात एक नाव सांगावं आणि ओळखपत्रावर दुसरंच असावं, तर आत कोण घेणार? कंपनीतल्या बाईंना हे समजावलं, तर त्यांनी मला राउटर बंद करून चालू करायला सांगितला. मला! कुणी न शिकवता हे सगळं शिकलेल्या माणसाला! शेवटी त्यांच्या साहेबाला गाठून नाव बदलून घेतलं. आता काही अडायचं नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र मी दोनदा वाचलं, आईने चष्मा पुसून तिसऱ्यांदा. साहेबापर्यंत सगळं कळलं. आईला आणू का, तेवढं यातही नाही. हे पत्रसुद्धा सर्व्हरवरून आलं की काय?

स्पॅममधलं जुनं आपोआप पुसलं जातं, त्यात तुझं उत्तर गेलं. 'चाचणी' नावाचे तुझे ढीगभर ईमेल मात्र सुखरूप आहेत. फोन केला, तर लेखी पाठवलंय म्हणून ठेवून देतोस.

माझी बदली पुढच्या आठवड्यात. नवं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे तुला माहीत आहेत. ती म्हणते, दादाला अडचण असेल तर वृद्धाश्रम काय वाईट. हसून म्हणते, पण बॅग भरते आणि पुन्हा उपसते.

रागावलास तरी चालेल, पण कळव.

तुझी,
चिमी

१२ मार्च

चि. चिमीस आशीर्वाद.

आईला घेऊन ये.

ईमेलमध्येही एवढंच होतं. तीन शब्दांचं, म्हणून तुझ्या ईमेलवाल्यांना संशय आला असावा.

उजेडाची खोली सर्व्हरने अडवली होती. त्याचा पंखा सतत घोंघावतो, आईला झोप कशी लागणार? काढून माळ्यावर टाकला. तुझी वहिनी म्हणाली, इतकी वर्षं मी सांगत होते तेव्हा हललं नाही ते धूड. पलंगाचे पाय कापून उंची आईच्या गुडघ्याला बेताची केली आहे.

आता माझ्याकडून ईमेल जाणार नाही. न मिळाल्यास या खेपेला दोष खरोखरच माझा.

आईला सांग, इथे दारात उलट चौकशी होत नाही.

दादा