न आलेली तार

ज्या रविवारी दुपारी माझ्या यजमानांनी स्वतःचे मृत्युपत्र लिहिले, त्या दुपारी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी चौथीच्या वह्या तपासत बसले होते. सीमेवर जाण्याआधी प्रत्येक अधिकाऱ्याने ते लिहून द्यायचे, असा नियम होता. त्यांना दोन मिनिटे लागली. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बघा बाई, बरोबर आहे का." चार ओळी होत्या. जे काही आहे ते पत्नीस. मी हातातल्या लाल पेनाने खाली शेरा मारला : "दहापैकी चार. फार त्रोटक. विस्ताराने लिहा." ते म्हणाले, "विस्तार तुम्ही करा, मला बुटांना पॉलिश करायचंय." तो कागद लाल शेऱ्यासकट पलटणीत जमा झाला आणि आठवडाभर सगळ्या अधिकाऱ्यांच्या हातांतून फिरला, असे मला पुढे कळले.

विस्तार आज करते आहे.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बासष्ट, निवृत्त मुख्याध्यापिका, भारतीय सेनेतील मेजर (शौर्यपदक, मरणोत्तर) यांची पत्नी, हे पत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरी, दिवसाउजेडी लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट तिघे जण नको म्हणत आहेत. बुद्धी ठिकाणावर आहे. मन नाही, ते केव्हाच पुढे निघून गेले आहे. माझे अक्षर कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून घडवले आहे, ते सहसा हलत नाही. आज कुठे हललेले दिसले तर तो आनंद समजावा, आजार नव्हे. गुरुवारी सकाळी सहा वाजता दारात गाडी येणार आहे, आणि यजमान जिथे पडले त्या डोंगराच्या माथ्यावर मी एकतीस वर्षांनी पहिल्यांदा जाणार आहे.

कलम १. नऊ वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. वकिलांकडची प्रत फाडावी. मुलीकडची प्रतही फाडावी, आणि फाडण्याआधी तिने ती पुन्हा वाचू नये. तिच्यात कलम चार आहे. ते असे होते : "माझ्या नणंदेस काहीही देऊ नये. का, ते तिला माहीत आहे."

तिला माहीत होते हे खरे. मला माहीत नव्हते.

कलम २. वकील म्हणतात, "बाई, मृत्युपत्रात कारणं द्यायची नसतात." मी सबंध नोकरीभर मुलांना "कारणे द्या" असे प्रश्न घातले आहेत. तेव्हा देते.

एकतीस वर्षांपूर्वी यजमान तीस दिवसांच्या सुट्टीवर घरी आले होते. मुलगी सहा वर्षांची होती. अकराव्या दिवशी दीड वाजता मी शाळेतून आले, तर ट्रंक उघडी, आणि ते गणवेशाच्या घड्या घालत होते. "तार आली," म्हणाले. "बोलावलंय." मी म्हटले, "दाखवा." म्हणाले, "खाली राहिली बहुतेक." खाली म्हणजे तळमजल्यावर, त्यांच्या बहिणीच्या शिवणाच्या खोलीत. तिला मी वन्सं म्हणते; नात्याने धाकट्या, वयाने माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. तार बघायला खाली जाण्याइतका वेळ नव्हता. चारच्या गाडीने ते गेले. त्यानंतर सतराव्या दिवशी दारात दोन अधिकारी उभे राहिले, तेव्हा त्यांच्या टोप्या हातात होत्या.

नंतर मला ती तार हवी होती. ज्या कागदाने माझ्या माणसाला माझ्या घरातून उचलून नेले, तो एकदा वाचायचा होता. वन्संना विचारले. "माझ्याकडे नाही," म्हणाल्या आणि मान फिरवली. चोराच्या मनात चांदणे, असे मी म्हटले. मनात नव्हे, मोठ्याने, भेटायला आलेल्या माणसांसमोर.

तेव्हापासून आम्ही दोघी एका घरात, एका जिन्याच्या दोन टोकांना राहत आलो. मुलगी होती तोवर तीच आमची टपाल. "आत्याला सांग." "आईला म्हणावं." ती लग्न होऊन गेल्यावर आम्ही भिंतींशी बोलू लागलो. "कोणाचीतरी खिडकी आपटतेय." "कोणाचंतरी दूध उतू चाललंय." एकदा मला ताप भरला, तेव्हा वन्सं पाच दिवस उशाशी होत्या. सहाव्या दिवशी थर्मामीटरला म्हणाल्या, "उतरला," आणि खाली गेल्या.

कलम ३. पलटणीचे निमंत्रण दरवर्षी येते. माथ्यावर त्यांच्या नावाचा दगड आहे, तिथे दरवर्षी मानवंदना होते. मी तीस वेळा नाही म्हटले. ज्यांनी तार करून नेले, त्यांच्या दारात कशाला जायचे? गेल्या महिन्यात मात्र फोन आला. करणारा त्या वेळी यजमानांच्या हाताखालचा लेफ्टनंट होता, आज ब्रिगेडियर आहे.

"वहिनी, या वर्षी नाही म्हणू नका. मी निवृत्त झालो की हेलिकॉप्टर कुणाकडे मागू?"

"तार करताना बरी घाई होती तुम्हाला," मी म्हटले.

"कसली तार?"

"त्यांची सुट्टी रद्द केल्याची."

मग तो म्हणाला, "वहिनी, तार कुणीच केली नव्हती. जे सुट्टीवर होते त्यांना घरीच थांबायला सांगितलं होतं. साहेबांनी रेडिओवर लढाईची बातमी ऐकली आणि पोस्टातून फोन लावला. विचारलं, कंपनी कोणाकडे आहे? मी म्हटलं, माझ्याकडे, सर. मी तेवीस वर्षांचा होतो. पलटणीत येऊन चार महिने झाले होते, आणि शंभर माणसं घेऊन दुसऱ्या आठवड्यात वर चढायचं होतं. ते म्हणाले, 'बरं. जेवलास का?' आणि फोन ठेवला. चौथ्या दिवशी ट्रकमधून उतरताना दिसले. मी पाठ फिरवून रडलो. तुम्हाला हे माहीत असेल असंच मी धरून चाललो होतो."

पुढचे मानपत्रात आहे, आणि ते मला पाठ आहे. पहाटे चढाई. लेफ्टनंटला राखीव तुकडीसह खाली ठेवून स्वतः पुढे. शत्रूच्या दोन चौक्या घेतल्या. मांडीत गोळ्या लागल्या. वर एकच स्ट्रेचर पोहोचले, त्यावर त्यांनी जखमी रेडिओवाल्याला झोपवून खाली धाडले आणि स्वतः खडकाला पाठ टेकून आणखी दोन तास हुकूम देत राहिले. तिसरी चौकी साडेअकराला पडली. ते पावणेबाराला गेले. मानपत्रात "सर्वोच्च बलिदान" असे शब्द आहेत. "न बोलावता" हे शब्द नाहीत.

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात तीन फेऱ्या मारल्या. मग लक्षात आले की आपण एकतीस वर्षे चुकीच्या माणसाशी भांडत होतो. सेनेशी भांडलो, वन्संशी भांडलो, आणि ज्याच्याशी भांडायचे तो वर ऐटीत दगडावर नाव कोरून बसला आहे. त्याच संध्याकाळी मी ब्रिगेडियरला कळवले : येते.

बूट घेतले आहेत. रोज गच्चीवर तीस फेऱ्या घालते. समोरच्या डॉक्टरीणबाई, ज्यांनी माझे हृदय दोनदा दुरुस्त करवून आणले आहे, म्हणतात, "चौदा हजार फुटांवर हवा विरळ असते. बोलताना दम लागेल."

"मग थोडक्यात भांडेन," मी म्हटले.

वर मला काही झाले तर ब्रिगेडियरला बोल लावू नये. मला आले आहे ते निमंत्रण, हुकूम नव्हे. आमच्या घरात दोघेही आपणहून गेले, असे समजावे.

कलम ४. हे सगळे वन्संना सांगायला मी फोननंतरच्या सोमवारी दुपारी खाली गेले. दारातूनच म्हटले, "तार आलीच नव्हती."

शिवणयंत्र थांबले नाही. "कोणाला सांगतेयस? भिंतीला?"

"तुम्हाला. तुम्हाला ठाऊक होतं, वन्सं."

त्यांनी शिवण शेवटापर्यंत नेली, धागा दाताने तोडला. "दादा जाताना सांगून गेला. म्हणाला, तार आली असं सांगितलंय तिला. आपणहून चाललोय कळलं तर जन्मभर विचारत बसेल, मी आणि पोर कमी होतो का म्हणून."

"आणि मी तुम्हाला चोर म्हटलं."

"पुष्कळदा."

"एकदा तरी तोंड उघडायचं होतंत."

"उघडून? मग तू कोणाला धरलं असतंस? त्याला. तो काय उत्तर देणार होता तिथून? मी होते ना हाताशी." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "शिवाय तू भांडायला लागलीस की जरा जेवायचीस. सुरुवातीला तेवढंच जेवायचीस."

मी त्यांच्या कापडांच्या ढिगावर बसून रडले. त्यांनी माझ्या अंगाखालचे एक अस्तर ओढून घेतले. ते गिऱ्हाइकाचे होते. मी म्हटले, माझ्याबरोबर वर चला. "मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं. तू जा. आणि दादाला सांग, मी शब्द पाळला. फुटला तो त्याचा लेफ्टनंट."

कलम ५. "चोर" हा शब्द मी परत घेते. ज्यांच्यासमोर बोलले त्यातले बरेच आता नाहीत. जे आहेत, म्हणजे माझी मामेबहीण, शाळेच्या जुन्या चिटणीसबाई आणि कोपऱ्यावरचे औषधवाले, त्यांना मुलीने या नव्या मृत्युपत्रातले कलम चार फोनवर मोठ्याने वाचून दाखवावे. मामेबहिणीला दोनदा, तिला एकदा सांगितलेले ऐकू येत नाही, आणि तिनेच गावभर केले होते.

कलम ६. घराचा तळमजला वन्संच्या मालकीचा होईल. राहायची परवानगी नव्हे, मालकी. वरचा मजला मुलीला. जिना दोघींचा, त्याचा कठडा हलतो, तो आधी बसवून घ्यावा.

कलम ७. बँकेतली ठेव मुलीला. काळी ट्रंक आणि गणवेशही तिलाच. यजमानांची पत्रे मागेपुढे पोहोचत म्हणून ते त्यांवर क्रमांक घालत. अशी एकशे चौदा पत्रे आहेत. मुलीने खुशाल वाचावीत. क्रमांक नऊ आणि तेवीस वाचू नयेत, ती माझी आहेत. ती वाचणार हे मला माहीत आहे. वाचून मग गप्प बसावे; आत्याकडून शिकून घ्यावे.

ज्या ट्रान्झिस्टरवर त्यांनी ती बातमी ऐकली, तो स्ट्रेचरवरून खाली आलेल्या रेडिओवाल्याला द्यावा. तो दर वर्षी मला पत्र टाकतो आणि दर वर्षी माफी मागतो. त्याला सांगावे की आता पुरे, आणि बॅटरी वेगळ्या मापाची लागते.

कलम ८. गावच्या सत्कार समितीला काहीही देऊ नये. त्यांनी अकरा वर्षे फलकावर यजमानांना कॅप्टन केले. मी दर वर्षी सांगितले, दर वर्षी म्हणाले, "पुढच्या वेळी नक्की, ताई." व्यासपीठावर मला नेहमी पंख्याखाली बसवले आणि एकदाही बोलू दिले नाही. माझ्या नावाने सभा भरवली तर मुलीने तिथे जाऊन तासभर बोलावे.

नवे बूट, मी परत आले नाही तर, डॉक्टरीणबाईंना. रोगी सोडून स्वतःही जरा चालावे.

कलम ९. पदक. पलटणीच्या संग्रहालयाने मागितले आहे, समितीने मागितले आहे. मुलगी म्हणाली, "आई, तुला वाटेल त्याला दे, फक्त कपाटात ठेवू नको." मी ते मखमली डबीसकट खाली घेऊन गेले.

"हे तुमचं," मी म्हटले.

"मला नको."

"मी मृत्युपत्रात लिहिणार आहे."

"लिही. डोंगरावर मी गेले होते का? इथे बसून परकर शिवत होते."

"वन्संबाई, त्यांनी अकरा दिवसांची सुट्टी खाऊन सतरा दिवस झेललं. तुम्ही एकतीस वर्षं."

"मोजू नकोस," त्या म्हणाल्या आणि यंत्र सुरू केले.

काल वकील इथे बसून समजावत होते की ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, नाहीतर पुढे देणे अडते. वन्संनी ते जिन्यातून ऐकले असावे. आज सकाळी त्या गुडघे धरत, कठड्याला शिव्या घालत, वर आल्या. किती वर्षांनी, ते मोजायची बंदी आहे. हातात स्वतःचे पेन. "आण इकडे ते कागद. मी साक्षीदार होते, म्हणजे प्रश्न मिटला."

या बाईने एकदा मला न सांगता स्वतःच्या माथी घेतले. दुसऱ्यांदा मी घेऊ देणार नाही. त्यांना पलीकडच्या खोलीत बसवले आहे. पाणी आणते म्हणून सांगितले आहे. हे कलम लिहीत असताना डॉक्टरीणबाई जिना चढत आहेत, आणि सकाळपासून न्हाणीघरात असलेल्या नळवाल्यांना हाक मारली आहे. ते हात पुसत विचारत आहेत, "बाई, वाचावं लागेल का?" नाही. मी सही करताना फक्त बघावे.

म्हणून लिहिते : पदक वन्संचे. त्यांनी ते शिवणाच्या खोलीत, खिडकीसमोर, गिऱ्हाइकांना दिसेल असे ठेवावे. कोणी विचारले तर खरे सांगावे. त्यांच्यानंतर ते माझ्या मुलीकडे जावे.

स्थळ : राहते घर, वरचा मजला, जेवणाचे टेबल.
दिनांक : मंगळवार, सकाळचे साडेदहा, साल कागदावरच्या शिक्क्यात आहे तेच.

लिहून देणार : (सही)

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले आणि ज्यांच्या सह्या मी पाहिल्या :
१. समोरच्या डॉक्टरीणबाई (सही, "प्रवासास माझी संमती नाही" असे त्यांनी कंसात लिहिले आहे, ते ग्राह्य धरू नये)
२. नळदुरुस्तीवाले (सही, कागदावरचा ओला ठसा त्यांचाच)

साक्षीदारांसाठी दोनच ओळी आखल्या होत्या. दोन्ही भरल्या.

प्रती तीन. एक वकिलांना. एक मुलीला. एक वन्संना, पदकासकट, आत्ताच. माझ्या मरणाची वाट बघत बसू नये. त्यांच्याकडून पोच घ्यावी. पोचेवर सही लागते, आणि त्या पेन घेऊनच आल्या आहेत.