शेळ्यांच्या बाजारात मोजलेल्या मात्रा

गुरुजी, तुम्ही गेलात त्याला किती वर्षं झाली ते आता मोजवत नाही. पण कवितेच्या तासाला बोटांची पेरं दाबून मात्रा मोजायला तुम्ही शिकवलंत, त्याचं परवा काय झालं ते तुम्हालाच सांगायला हवं. माझी फुप्फुसं आणि काळीज दोन्ही जुने दुखणेकरी. न्हाणीपर्यंत गेलं तरी धाप लागे, म्हणून मी उठणंच सोडलं. खाटेवर पडून छताचे पत्रे बघायचे. कवितासुद्धा नकोशी झाली होती, यावरून काय ते समजा. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, दम कमी आहे हे खरं, पण मनही खचलंय. पडून राहिलात तर आहे तोही दम जाईल. गोळ्या घ्या आणि थांबत थांबत चाला." घरी आमची ही म्हणाली, "मी रोज ह्येच सांगती. पर माझं फुकाट पडतं ना!"

म्हणून बाजाराच्या दिवशी हिच्यामागं थांबत थांबत काष्टीच्या बाजाराला निघालो. शेळ्यांपाशी धाप लागली. आधाराला एका व्यापाऱ्याचा हात धरला, तुम्ही शिकवलेली नदीची कविता मनात सुरू केली आणि सवयीनं मात्रा मोजू लागलो, त्याच्याच बोटांवर. वरून माझं उपरणं घसरून दोघांच्या हातांवर पडलेलं. आणि इथं शेळीचा भाव ठरतो तो असाच, कापडाखाली, बोटं दाबून, मुक्यानं! "बाबा, लई वडून मागताय," तो कळवळला. मला बोलायला दम कुठला? मी पुढची ओळ धरली. "बरं, न्या! तुमच्यापुढं न्हाई चालायचं आपलं," म्हणत त्यानं दावं माझ्या हातात दिलं. ही वांगी घेऊन आली. "आवं, चालायला आला हुता का शेळी घ्यायला?" एवढा स्वस्त भाव ऐकल्यावर मात्र गुमान पैसे काढले. मला हसू फुटलं, हसता हसता पुन्हा धाप लागली. कित्येक महिन्यांनी धाप लागूनही बरं वाटलं.

दुखणं आहे तिथंच आहे. काही सकाळी अजूनही उठावंसं वाटत नाही, पण शेळी ओरडून ओरडून गल्ली उठवते. मग ती ओढते, मी चालतो, ओळ संपली की थांबतो. टपालपेटीपर्यंतही आता जाता येतं, पण तुमचा पत्ता कुठून आणू? आणि गुरुजी, त्या कवितेचं शेवटचं कडवं मला आठवत नाही. तिथं आलो की दम लागल्यासारखं करून बाभळीखाली बसतो. शेळीला ते खरं वाटतं.