पहिल्या वर्षातली गाडी आणि तक्रारींची वही

तीर्थस्वरूप भाऊजी,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी जेमतेम पाच अंगंच सध्या जमिनीपर्यंत पोचतात, उरलेली तीन कागदावर पोचली असं समजावं. कंबर का धरली ते ओघात येईलच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईचा खोकला गेला का? ती फोनवर "गेला, गेला" म्हणते आणि ते म्हणतानाच दोनदा खोकते, म्हणून तुम्हांला विचारतो. तुमच्या तपासणीतून सुटलेला खोकला अजून कुणी पाहिलेला नाही.

फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही "बरं" म्हणून ठेवून देता. पत्र मात्र तुम्ही चुका काढण्यासाठी का होईना, शेवटपर्यंत वाचता. पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाच्या या स्वभावावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुमचा तो छोटा हातोडा, प्रत्येक पंपाला टक् करून कान लावणं, आणि मग एकतर मान हलवणं किंवा खडूनं फुली मारणं, हे मी एकदाच पाहिलं, पण विसरलो नाही. पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा चहा यायच्या आत आमच्या टेबलाचा तिसरा पाय आखूड असल्याचं तुम्ही जाहीर केलं होतंत. (तो अजून आखूडच आहे. घरातल्या सगळ्यांना आता त्या कलाची सवय झाली आहे.)

तर विषय धाकटीचा. म्हणजे तुमच्या धाकटीचा, जी सध्या माझ्या माडीवर राहते आणि शोरूममध्ये ती नवी गाडी विकते. अकरा महिन्यांपूर्वी तिनं ऑफिसातली बसून करायची नोकरी सोडली, तेव्हा भरल्या घरात तुम्ही म्हणाला होतात, "नवं मॉडेल पहिल्या वर्षी घेणारा माणूस म्हणजे कंपनीचा बिनपगारी तपासनीस." बोललात ते दोष काढावा म्हणून नव्हे, हे मला कळलं. धाकटीला मात्र ते आपल्यावर मारलेल्या खडूच्या फुलीसारखं वाटलं. आणि आपल्या नातेवाइकांत तुमच्या वाक्याला सूत्राचा मान असल्यामुळे एकूण चौदा घरांनी पहिल्या वर्षी ती गाडी घ्यायची नाही असं ठरवून टाकलं. पंधरावं घर माझं. मी जाऊन तिचं पहिलं गिऱ्हाईक झालो. (यात भाचीवरचं प्रेम किती आणि तुम्हांला खोटं पाडायची हौस किती, याचा निवाडा मी अजून केलेला नाही.)

आता कबूल करतो की तुम्ही खरे होतात. पहिल्या सहा महिन्यांत त्या गाडीनं मला जे जे दाखवलं ते शास्त्री लोकांनी एकत्र बसून लिहून ठेवावं असं आहे. डावीकडे वळलं की भोंगा आपोआप वाजायचा. आमच्या कॉलेजचं फाटक डावीकडे. रोज सकाळी बरोबर प्राचार्यांच्या खिडकीखाली माझा भोंगा लांबलचक वाजायचा आणि त्यांना वाटलं, मी काहीतरी निषेध नोंदवतो आहे. (आठवड्याभरात त्यांनी ग्रंथालयाच्या पंख्यांची माझी सहा वर्षांची मागणी मान्य केली. हा गुण गाडीच्या खात्यावर जमा करायला हवा.) मागची काच मनाला येईल तेव्हा खाली उतरायची. पावसात पुढच्या दाराच्या रबरातून बरोबर माझ्या उजव्या बुटात थेंब पडायचा. डावा बूट शेवटपर्यंत कोरडा राहिला. हे सगळं मी एका वहीत लिहीत गेलो. तुम्ही हसाल, पण तर्कशास्त्र शिकवणाऱ्याची सवय जात नाही, म्हणून दोषांचे तीन वर्ग पाडले: सहज, म्हणजे गाडी जन्मताच घेऊन आलेले, आगंतुक, म्हणजे रस्त्यानं दिलेले, आणि मत्कृत, म्हणजे माझ्याच हातचे. प्रत्येक दोषाखाली तारीख, कारण, दुरुस्तीला लागलेला वेळ आणि पुन्हा झाला की नाही, एवढं लिहायचं. तिसऱ्या वर्गातही मी काही लपवलं नाही. नोंद सातवी पाहा: "वायपर कोरड्या दिवशी आपोआप फिरतात. कारण: लेखकाचा गुडघा."

इकडे शोरूममध्ये काय चाललं होतं ते मला तिथल्या बाकावर बसून दिसायचं, कारण दर पंधरा दिवसांनी मी तिथे असायचोच. पहिल्या महिन्यात नऊ गाड्या गेल्या, दुसऱ्यात चौदा. मग भोंग्याची बातमी गावभर झाली आणि तिसऱ्या महिन्यात तीन गेल्या. चौथ्यात एक, आणि तीही मॅनेजरच्या सासऱ्यांनी नेली. लोक यायचे, दार उघडून आत बसायचे, नव्या गाडीचा वास घ्यायचे आणि हळूच विचारायचे, "ती आपोआप वाजते ती हीच ना?" मग समोरच्या दुकानात जायचे. धाकटी एकदा मला म्हणाली, "मामा, लोक माझी गाडी बघतच नाहीत. तुमची गाडी वर्कशॉपमध्ये कितव्यांदा आली ते मोजतात." त्या दिवसापासून मी मागच्या गल्लीतून आत जाऊ लागलो.

तेवढ्यात कंपनीनं वॉरंटी तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. मॅनेजरनं काचेवर हा एवढा आकडा चिकटवला आणि गर्दी आवरायला दोरीसुद्धा आणून ठेवली. दोरीला कुणी हात लावला नाही. भाऊजी, इथे मला माझ्या विषयाचा खरा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला. कंपनी म्हणते, वॉरंटी लांब, त्याअर्थी गाडी भक्कम. गिऱ्हाईक म्हणतं, वॉरंटी लांब, त्याअर्थी गाडी पाच वर्षं बिघडणार. खूण एकच, अनुमानं दोन, आणि दोन्ही तितकीच बिनतोड. अशा वेळी वाद घालून उपयोग नसतो. प्रत्यक्षाकडे जावं लागतं. गाडी बिघडल्यावर पुढे काय झालं, हे कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं. ते पाहिलेला माणूस मी होतो, पण मी मागच्या गल्लीतून ये-जा करत होतो.

अकराव्या महिन्याच्या सुरुवातीला मॅनेजरनं धाकटीला बोलावून सांगितलं की या महिनाअखेर बारा गाड्या गेल्या नाहीत तर शोरूम हे मॉडेल ठेवणार नाही, आणि मॉडेलबरोबर ते विकणाऱ्या मुलीचं टेबलही जाईल. हे तिनं तुम्हांला कळवलेलं नाही. ताईलाही नाही. मला कळलं ते तिनं त्या संध्याकाळी आमटीत दोनदा मीठ घातलं म्हणून. (मी मुकाट्यानं खाल्ली. पाणी मात्र तांब्याभर प्यायलो.) "बाबांना सांगू का?" असं मी विचारलं तर म्हणाली, "काय सांगणार? तुमचंच खरं झालं म्हणून?"

आता माझी चूक ऐका. तीन आठवड्यांपूर्वी शोरूमच्या बाकावरून उठताना मी गाडीचं गुळगुळीत माहितीपत्रक बगलेत मारून घरी आलो आणि माझी वही तिथल्या स्टँडवर ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी वर्गात टिपणं समजून ते पत्रक उघडलं आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचलीसुद्धा. मुलांनी सहा एअरबॅग वहीत उतरवून घेतल्या. एकानं त्या परीक्षेला येतील का, असं विचारलं.

वही मात्र आठ दिवस तिथेच होती आणि लोक ती वाचत होते. शेवटी एक दंतवैद्य बाई ती हातात घेऊन धाकटीच्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "ही कुणी लिहिली?" धाकटीनं माझं अक्षर ओळखलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाई म्हणाल्या, "समोरचा म्हणतो त्याची गाडी बिघडतच नाही. मी दात बघते हो, कधीच न किडणारी वस्तू मला माहीत नाही. इथे लिहिलंय, भोंगा दोन तासांत बरा झाला आणि परत वाजला नाही. काच एका दिवसात. रबर तर पुढच्या गाड्यांना कारखान्यातच बदलून येतंय. आणि शेवटचे पाच महिने नुसत्या या गृहस्थांच्याच चुका आहेत!" असं म्हणून त्यांनी गाडी घेतली. रंग मात्र तीन वेळा बदलला.

मॅनेजर आधी भडकला. स्वतःच्या दुकानात स्वतःचीच बदनामी टांगायची का, असं त्याचं म्हणणं. पण वर्कशॉपचा फोरमन (जाडजूड, मितभाषी, तुम्हांला आवडेल असा माणूस) हात पुसत बाहेर आला, त्यानं वही उघडून आपल्या दुरुस्त्या एकेक करून वाचल्या आणि म्हणाला, "साहेब, अकरा महिन्यांत माझं काम कुणी लिहून ठेवलेलं हे पहिल्यांदा बघतोय. काढायची नाही." वही राहिली. धाकटीनं तिला दोरी लावून पेन बांधलं (गर्दीची दोरी शेवटी कामी आली) आणि जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं, की या आणि तुमचंही लिहा, वाईट असेल तर वाईट लिहा. काहींनी वाईट लिहिलं. तिनं त्याखाली तारीख घालून गाडी त्याच आठवड्यात बोलावून घेतली. आज सकाळपर्यंत अकरा गाड्या गेल्या, भाऊजी, आणि महिना संपायला चार दिवस आहेत.

कंबरेचं राहिलं. ती नोंद एकोणिसावी: "गाडी भर रस्त्यात बंद पडली. लेखकानं दोनशे पावलं ढकलली. कारणं दोन: पेट्रोल संपलेलं आणि हॅन्डब्रेक ओढलेला. वर्ग: मत्कृत." ही नोंद वाचून लोक हसतात आणि मग गाडी बघायला उठतात, असं धाकटी सांगते. म्हणजे माझ्या कंबरेनंही विक्रीला हातभार लावला.

हे पत्र लिहिण्यामागे माझा कसलाही हेतू नाही. केवळ खुशाली कळावी. ताईला नमस्कार, तुमच्या गुडघ्याला आराम, आणि पत्रात सापडतील त्या चुका लाल शाईनं परत पाठवाव्यात.

तुमचा आज्ञाधारक (क्वचित) मेहुणा

ता. क. हेतू नाही असं वर लिहिलं ते खोटं. बाराव्या गाडीसाठी तुमच्यावर डोळा होता. तुमची जुनी गाडी गेलं वर्षभर घरघर करते आणि ती घरघर तुम्हांला माझ्याआधी ऐकू येते, हे मला ठाऊक आहे.

दुसरा ता. क. लिफाफा शोधत होतो तेवढ्यात धाकटीचा फोन आला. बारावी गाडी गेली. दंतवैद्य बाईंच्या बहिणीनं घेतली. मॉडेल राहिलं, टेबल राहिलं. तेव्हा तुम्हांला गिऱ्हाईक म्हणून बोलावण्याचं कारण आता उरलं नाही, आणि "मला विकायला बोलावता" असं म्हणायची तुमची सोयही गेली. नुसतं या. रविवारी या. हातोडा घेऊन या. दारं, बॉनेट, चाकं, काय हवं ते ठोका, आणि फुली मारावीशी वाटली तर वही तिथेच आहे. ताई फोनवर धाकटीशी बोलत असते तेव्हा मागून "टायरमधली हवा बघत जा म्हणावं" असं कोण ओरडतं, ते इकडे स्पष्ट ऐकू येतं. ते समोर उभं राहून सांगितलंत तर फोनचा खर्च वाचेल.

तिसरा ता. क. हे धाकटीला कळता कामा नये. वही परवा चाळताना माझ्याच पानावर एकोणिसावीखाली विसावी नोंद दिसली. अक्षर माझं नाही. जशीच्या तशी उतरवतो: "तक्रार: बाबा अजून एकदाही शोरूमला आलेले नाहीत. वर्ग: सहज, दोन्हीकडून. दुरुस्ती: बाकी. वॉरंटीची मुदत: लिहिलेली नाही."

खाली फोरमननं सवयीनं शेरा मारला आहे: "आणून सोडा. बघतो."