उकाड्यातली कानटोपी

प्राग, २२ मे

प्रिय दादा, धाकट्या शमीचा नमस्कार.

परीक्षा संपली. तू म्हणालास, "सगळा बघून मगच ये," म्हणून मैत्रिणींबरोबर रोज फिरतेय. काल नदीवरचा जुना पूल बघितला, आज घड्याळाचा मनोरा चढले. फोटोंत मी हसतेय. वर वारा होता की नाही, आठवत नाही. जेवण वेळेवर होतं.

आई जेवते ना? झोपते?

पंधरा दिवस व्हिडिओ कॉलवर बाबांना बोलवायला सांगितलं की तू सांगतोस, "बाबा आताच निजले." आणि फोंडाघाटच्या उकाड्यात स्वतः कानटोपी घालून बसतोस. "माका सर्दी झाली," म्हणतोस. परवा ती टोपी सरकली आणि तुझं मुंडण दिसलं. बाबा गेले, हे मला तेव्हा कळलं.

माझी परीक्षा बुडू नये म्हणून तू आणि आईने हे लपवलंत. मी रागावले नाही. रडूही येत नाही. उद्या किल्ल्याचं तिकीट काढलंय, तोही बघेन.

फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय. शनिवारी घरी पोचते. आज फोन करशील तेव्हा टोपी काढून बस. उकडत असेल तुला.

तुझी,
शमी