पंधरवड्याचं पाणी

१७ फेब्रुवारी १९९२, सोमवार. सिल्वासा

समिती आली. समुद्राच्या तब्येतीची चौकशी करायला पाच माणसं, आणि उतरली कुठे, तर सिल्वासात. इथून समुद्र बघायचा तर वापीवरून दमणपर्यंत हाडं खिळखिळी करत जावं लागतं. कारण उघड आहे. इथलं रेस्ट हाउस झाडीत आहे आणि गुजरातेत जे मिळत नाही ते इथे संध्याकाळी मिळतं. दमणलाही मिळतं, पण तिथे मासळीचा वास येतो.

अध्यक्ष मुंबईचे निवृत्त डॉक्टर. पाण्याचे, माणसांचे नव्हे. दर वाक्यात एकदा "महासागर". आजपासून या वहीत त्यांचं नाव म.सा.

आमचे हेड पाटील साहेब नवा शर्ट घालून आले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, बाई, तोंड आवरा. सात वर्षं या लॅबमध्ये मी हंगामी. कायम करण्याचा कागद यंदा वर गेलाय आणि म.सा. दिल्लीला एक शब्द बोलले तर तो हलेल म्हणे. तोंड आवरलं. म्हणून हे सगळं इथे.

१८ फेब्रु., मंगळ.

नऊला निघायचं होतं. नाश्ता संपेना. दमणच्या खाडीवर पोचलो साडेबाराला. आज पौर्णिमा, म्हणजे ऐन भरती. समुद्र नदीत घुसलेला, पाणी काठोकाठ, वरून आलेली घाण मागे रेटलेली.

बाटली भरली. ऑक्सिजन जागेवरच बांधून ठेवावा लागतो, नाहीतर आकडा खोटा येतो. दोन औषधं घातली, तपकिरी गाळ बसला. तपकिरी म्हणजे पाण्यात श्वास आहे. पांढरा बसला असता तर नाही. म.सा. "उत्तम, उत्तम" करत फोटोला उभे राहिले. बाटली त्यांच्या हातात, मी फोटोच्या बाहेर.

काठावर लखमीबेन भेटली. खाडीत खुंट ठोकून जाळी बांधतात तिच्या घरचे. नवरा गेल्यापासून ती स्वतःच बघते. सांगत होती की दोन वर्षं जाळ्यात काही येत नाही, येतं ते मेलेलं येतं. म.सा. यांनी तिचं बोलणं ऐकता ऐकता जाळं उचललं, आसात, म्हणजे जाळ्याच्या भोकात, बोट घालून बघितलं आणि समितीला दाखवलं. एवढा बारीक आस, पिल्लंसुद्धा सुटत नाहीत, मग मासा राहील कसा. गुन्हेगार एका मिनिटात सापडला.

जाताना ठरलं: नमुने दर पंधरा दिवसांनी, बरोबर साडेबाराला. "शास्त्राला शिस्त लागते, बाई."

२० फेब्रु., गुरु.

जेवताना आईच्या मागच्या कॅलेंडरकडे बघत होते आणि घास तोंडातच राहिला. पंधरा दिवसांनी अमावास्या. त्यापुढच्या पंधरवड्याला पुन्हा पौर्णिमा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, दमणला त्याहून तासभर पुढे. हे आमच्या केळव्यात शेंबड्या पोरालाही येतं. पौर्णिमा काय नि अमावास्या काय, साडेबाराला भरतीच. हे लोक वर्षभर शिस्तीत येत राहिले तरी दर वेळी समुद्राचंच पाणी भरून नेतील आणि नदी स्वच्छ आहे म्हणून सही करतील.

मी हसत सुटले. आई म्हणाली, काय झालं गो? सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, मग त्या बाईच्या जाळ्यांचं काय?

२१ फेब्रु.

पाटलांना सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, मोठी माणसं आहेत, त्यांना माहीत असेल. मोठ्या माणसांना सगळं माहीत असतं, या एका श्रद्धेवर पाटील हेड झाले.

४ मार्च, बुध. अमावास्या

साडेबारा. भरती. तपकिरी. फोटो.

आज धीर करून म.सा. यांना म्हटलं, सर, संध्याकाळी साडेसहाला परत येऊ, ओहोटीला एक बाटली घेऊ. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू टेबल बोललं. "बाई, महासागराकडे आपण दीर्घ काळाच्या नजरेने बघतो. तास-दोन तासांचा तो प्रश्न नाही."

साडेसहाला महासागराचे मित्र रेस्ट हाउसच्या व्हरांड्यात कोंबडी फोडत होते. मला मसुदा टाइप करायला थांबवलेलं. खाडीच्या तोंडाचं पाणी समाधानकारक. मासळी घटण्याचं मुख्य कारण बारीक आसाची जाळी. शिफारस: १ एप्रिलपासून खाडीतली सगळी खुंटाची जाळी काढावीत. सायली, मसाट, वापी इथले नदीच्या वरच्या अंगाचे कारखाने, त्यांचे नाले: अक्षर नाही. टाइप केलं. एक चूकसुद्धा केली नाही, याचाच जास्त राग आला.

८ मार्च, रवि.

सुट्टी. एस.टी.ने दमण. पिशवीत बाटल्या, औषधं, आईनं दिलेली भाकरी. आज ओहोटी दहाच्या सुमाराला.

ही ती खाडीच नव्हे. मधोमध गटारभर पाणी, चहाच्या चोथ्याच्या रंगाचं, दोन्हीकडे काळा चिखल आणि वास असा की डोळे चुरचुरले. लखमीबेनने होडी ढकलत नेली, मी बाटली बुडवली. दोन औषधं घातली आणि झाकण दाबून हलवली.

पांढरा. दुधात पिठी कालवल्यासारखा पांढरा गाळ. पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्ष कधी बघितला नव्हता. दुसरी बाटली भरली. तीही पांढरी. मला आनंद व्हायला हवा होता, मी बरोबर ठरले होते. झाला नाही.

"बेन, आ धोळुं केम थयुं?" पांढरं का झालं, म्हणून तिने विचारलं. सांगितलं की या पाण्यात आत्ता श्वास नाही. तिने होडी वळवली. काठावर आल्यावर म्हणाली, जाळी काढली तर सायलीला जाईन, धाग्याच्या कारखान्यात बायका घेतात. ज्या नाल्याने हिचं पाणी मारलं त्याच्याच वरच्या टोकाला. हे तिला कळत नव्हतं असं नाही.

९ मार्च, सोम.

पाटलांच्या टेबलावर बाटल्या ठेवल्या. आधी दार लावून घेतलं. घाबरले की पाटील धुळ्याला पोचतात. "बाई, आपल्याले काय करनं शे?" मग सावरून म्हणाले, जीपच्या लॉगबुकात नोंद नाही, म्हणजे नमुना नाही. एस.टी.ने आणलेलं पाणी सरकारी पाणी नव्हे.

म.सा. यांना मुंबईला ट्रंककॉल लावला. त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. तुमची औषधं बिघडलेली असतील, म्हणाले. फोन ठेवून त्याच औषधांनी विहिरीचं पाणी तपासलं. छान तपकिरी.

१७ मार्च, मंगळ.

उद्या तिसरी फेरी. पुन्हा पौर्णिमा, होळी. होळीलासुद्धा येणार, समुद्रावर केवढं प्रेम. इथे होळीची व्यवस्था चांगली होते.

जीपचे ड्रायव्हर भिखूभाई. यांना म.सा. पहिल्या दिवसापासून "ए ड्रायव्हर" म्हणतात. संध्याकाळी त्यांना सहज म्हटलं, उद्या गाडी सहाला खाडीवर पोचली तर बरं होईल. भिखूभाईंनी बिडी विझवली. "बेन, जूनी गाडी छे. कंई कहेवाय नहीं." जुनी गाडी, काही सांगता येत नाही म्हणे.

१८ मार्च, बुध. होळी

नरोलीला पंक्चर. स्टेपनी निघाली तीही बसलेली. मग रेडिएटर. मग भिखूभाई पाणी आणायला गेले ते दीड तास आले नाहीत. म.सा. झाडाखाली, मग जीपमध्ये, मग पुन्हा झाडाखाली. समितीतल्या एकांना ऊन बाधलं. मी इतकी सुखी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

सहा वाजून गेल्यावर खाडीवर. सगळे गाडीतून उतरले आणि तिथेच थांबले. पाच नाकांवर पाच रुमाल. एक जण म्हणाला, आपण चुकीच्या जागी तर नाही ना आलो?

बाटली म.सा. यांच्या समोर भरली, त्यांनी स्वतः मुंबईहून आणलेली औषधं घातली. पांढरा. त्यांनी बाटली उजेडाकडे धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. माणसाला कळलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्या क्षणी, खरं सांगायचं तर, मला ते थोडे आवडलेसुद्धा.

मग रुमाल काढून म्हणाले, "हा नमुना धरता येणार नाही. वेळ चुकली."

२३ मार्च, सोम.

अंतिम मसुदा आला. तक्त्यात दोनच ओळी, १८ फेब्रु. आणि ४ मार्च. होळीच्या फेरीपुढे शेरा: वाहनातील बिघाडामुळे रद्द. तक्त्याखाली नमुने घेणारी म्हणून माझी सही हवी, वर हेडची. सोबत म.सा. यांची वेगळी चिठ्ठी, हाताने लिहिलेली: तुमच्या कायम होण्याबद्दल बोललो आहे, काम होईल. शेवटी "महासागर आपल्या सर्वांचा आहे".

आईला वाचून दाखवली. तिने हिशेब घातला: क्वार्टर राहील, पेन्शन. मला काही म्हणाली नाही, हेच वाईट.

२५ मार्च, बुध.

लखमीबेन लॅबमध्ये आली, दोन बस बदलून. बंदरावर बोलतात की एक तारखेला खुंट उपटायचे. काढूं के रहेवा दऊं, काढू की राहू देऊ, विचारत होती. नवं जाळं अर्धं विणून पडलंय. मी म्हटलं, अजून काही नक्की नाही, वर ठरेल. तिला त्या दोन बाटल्या आठवत होत्या. म्हणाली, "तमे ए लख्युं के नहीं?" ते लिहिलंत की नाही, म्हणून.

मी म्हटलं, बघते. तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. म.सा. यांच्याकडे मी तशीच बघते.

२६ मार्च, गुरु.

पाटलांनी पाचला बोलावलं. फाईल माझ्याकडे सरकवली. म्हणाले, उद्यापासून चार दिवस रजेवर आहे, साल्याच्या मुलीचं ठरतंय. चार्ज तुमच्याकडे. हेडची सहीसुद्धा आता तुमचीच चालेल. तक्ता पाहिजे तर पुन्हा टाइप करा, मी पाहिलेला नाही. आणि टोपी घालून गेले.

हा पळपुटेपणा की धाडस, रात्रभर विचार केला तरी कळलं नाही. साल्याला मुलगी नाही एवढं मला माहीत आहे.

२७ मार्च, शुक्र. कचेरीत, दुपारी

सकाळी दोन तक्ते टाइप केले. एक दोन ओळींचा, म.सा. यांना हवा तसा. दुसरा चार ओळींचा: ८ आणि १८ मार्च, ओहोटी, ऑक्सिजन शून्य. खाली एक परिच्छेद, पहिल्या दोन नमुन्यांच्या वेळी भरती होती म्हणून. दोन्हींना पाकिटं. कायम होण्याचा कागद कुठल्या पाकिटाबरोबर येतो आणि कुठल्याबरोबर बुडतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

महिनाभर या वहीत सगळ्यांना नावं ठेवली. म.सा., पाटील, पाच रुमाल. आज खोलीत नावं ठेवायला दुसरं कोणी नाही.

शिपाई दारात आलाय. टपाल निघतंय, बाई, काय द्यायाचं हाय का? म्हटलं, आहे, दोन मिनिटं बस. तो बाकावर बसलाय. दोन्ही तक्त्यांवर सहीची जागा कोरी आहे, आणि मी इथे लिहितेय.