तुझे दहा, आमचे पाच

इताकुरुबी,
रविवार, १७ ऑगस्ट

प्रिय झुनिल्दा,

अनेक आशीर्वाद. मी ठीक, येरुती ठीक, माझा गुडघा तेवढा ठीक नाही, पण त्याला हल्ली मी विचारतच नाही. तू आणि तू सांभाळतेस ती म्हातारी पिलारबाई खुशाल असाल असं धरून चालते. पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी पडलेलं नाही. तेओदोराकाकूंची निमिया सुट्टी संपवून मंगळवारी तुमच्या सारागोसाला परत निघाली आहे. तिच्याबरोबर चिपाचे पाव, तेरेरेची पत्ती आणि हे पत्र देते आहे. चिपा तिथे पोचेपर्यंत दगड होईल, तव्यावर गरम करून खा. वाटेत हात लावू नकोस म्हणून निमियाला बजावलंय, पण तिच्या तोंडाचा मला भरवसा नाही.

इथे थंडी आहे. लापाचो फुलून सगळा रस्ता गुलाबी झालाय, आणि झाडायला मी. मागच्या भट्टीला तडा गेला होता, तो मी स्वतःच माती कालवून बुजवला. तेओदोराकाकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "भट्टी लिंपलीस की तोंडाला फासलीस?" त्यांचं असंच. रोज सकाळी चिपाची टोपली घेऊन गाड्यांच्या थांब्यावर जाते, बऱ्यापैकी खपतं.

फोन असताना हिला पत्राचं खूळ कुठून आलं, असं तुला वाटेल. रविवारी रात्री पिलारबाईला निजवलंस की तुला तो एवढासा अर्धा तास मिळतो, बाकी आठवडाभर त्या घरात फोनला हात लावायचा नाही. तो अर्धा तास तुम्हा मायलेकींचा आहे. आणि दुसरं म्हणजे, तुझा आवाज कानावर पडला की मी सोयीचं तेच बोलते. कागदावर तसं करता येतं का बघते. मगाशी दोन पानं लिहून भट्टीत टाकली, त्यात सगळं सोयीचंच होतं.

आज तू किती खूश होतीस! येरुतीने फोन उचलला तर तू ओरडलीसच, "अगंबाई, आज सूर्य पश्चिमेला उगवला का? माझी राणी घरात!" मी शेजारी पीठ मळत होते, सगळं ऐकू येत होतं. तू विचारलंस, "झोप झाली का? चार वाजलेत ना तिकडे?" ती म्हणाली, "हो आई, चार." मग तू दाताचं विचारलंस, हार्पचं विचारलंस, ती बरोबर उत्तरं देत गेली. हो आई. नाही आई. छान आहे आई. शेवटी फोन माझ्याकडे आला तेव्हा तुझा आवाज उतरला होता. "ताई, पोर माझ्याशी पाहुण्यांशी बोलावं तशी बोलते गं. माझं मागच्या आठवड्यात ठरलं तेच बरोबर. कागदांसाठी बोलावलंय ती तारीख मी रद्द करते. तिला उचलून इथे आणून काय करू? ती तुझ्यापाशीच सुखात आहे."

मी म्हणाले, "तू म्हणशील तसं."

झुनिल्दा, ती तारीख रद्द करू नकोस. केली असशील तर परत माग, हातापाया पड, पण माग. का, ते आता सांगते. हे लिहिताना माझे कान तापलेत, आणि भट्टी तर विझलेली आहे.

मार्चपासून सुरू करते. तुला आठवतंय, दर वर्षी मार्च संपता संपता तुमचं घड्याळ एक तास पुढे जायचं आणि आमचं एक तास मागे यायचं. मग तुझे रात्रीचे दहा म्हणजे आमचे दुपारचे चार. सगळ्यांना पाठ. पण सरकारने आमचं घड्याळ हलवायचं कायमचं बंद केलं. रेडिओवर सांगितलं होतं, शाळेतही मुलांना सांगितलं होतं. मी मात्र शनिवारी सवयीने खुर्चीवर चढले आणि भिंतीवरचं घड्याळ मागे घेऊन झोपले. सकाळी ऐटीत टोपली घेऊन थांब्यावर गेले तर आसुन्सिओनची गाडी कधीच गेलेली. तिथून चर्चमध्ये गेले तर लोक बाहेर पडत होते. तेओदोराकाकू पायरीवरूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय गं एलाडिया, तुझ्या घरात अजून जुनंच सरकार आहे का?" अख्खं इताकुरुबी हसलं. पाद्रीसुद्धा.

त्याच दिवशी तुझा फोन आला. तू विचारलंस, "ताई, घड्याळ मागे घेतलंस ना?" मी म्हणाले, "घेतलं." ते खोटं नव्हतं, घेतलंच होतं. परत पुढे केलं, तेवढं सांगितलं नाही. तू हसशील म्हणून. तेओदोराकाकूंचं हसणं मी पचवलं होतं, तुझं पचवायला पोटात जागा नव्हती. तू म्हणालीस, "म्हणजे पुढच्या रविवारपासून माझे दहा, तुझे चार." मी म्हणाले, "हो."

पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा आमचे पाच वाजले होते. येरुती अंगणातच होती. तुम्ही दोघी बोललात, काही बिघडलं नाही. मला वाटलं, पाच काय नि चार काय, सांगू कधीतरी.

मग ईस्टरनंतर क्रिस्पिन मास्तरांचा हार्पचा वर्ग सुरू झाला, रविवारचा. तेव्हापासून तुझा फोन यायचा तेव्हा येरुती वर्गात असायची. वर्ग रविवारी असतो हे मी तुला फोनवर सांगितलंच नाही. हार्प ती शनिवारी शिकते असं तुला वाटतं, तेही मीच सांगितलेलं. तू म्हणायचीस, "चारला करते ना मी? मग ही जाते कुठे?" आणि मी म्हणायचे, "आत्ताच उठली आणि खेळायला पळाली." एकदा तू म्हणालीस, "तिला सांगून ठेवतेस ना, आईचा फोन येणार आहे म्हणून?" मी म्हणाले, "रोज सांगते. फोनला कंटाळते गं ती."

कंटाळते म्हणाले मी.

इकडे तिला सांगितलं होतं की पिलारबाई फार आजारी आहे, आईला रविवारीसुद्धा उसंत मिळत नाही. तू पाठवायचीस ते आवाजातले निरोप तिला ऐकवायचे, पण सगळे नाही. ज्यात तू "मी वाट बघत होते" म्हणायचीस ते पुसून टाकायचे.

झुनिल्दा, वर मी लिहिलंय की वर्ग सुरू झाला, जसा काही तो आपणहून सुरू झाला. तसं नाही. मास्तरांनी मला विचारलं होतं, "हिला तीनच्या वर्गात घालू की पाचच्या?" तीनच्या वर्गात तिच्या शाळेतल्या मैत्रिणी होत्या. मी म्हणाले, "पाचच्या घाला." मास्तर म्हणाले, "पाचला सगळे मोठे मुलगे आहेत, बावरेल ती." मी म्हणाले, "नाही बावरत." तू म्हणशील, घड्याळाने घोटाळा केला. चार महिने मीही स्वतःशी तेच म्हणत होते. घड्याळाने काही केलेलं नाही.

का केलं, ते विचारशीलच. तुझा फोन झाला की पोर दोन दिवस माझी राहत नसे. तू पाठवलेलं ते लाल जाकीट उन्हातही घालायची, माझ्या हातचं जेवण नुसतं चिवडायची, आणि मी हाक मारली की जरा उशिराच ओ द्यायची. मंगळवारी-बुधवारी परत माझ्या कुशीत यायची. तोवर पुढचा रविवार. मला वर्षाचे सगळे दिवस हवे होते. तू गेलीस तेव्हा ती तीन वर्षांची होती, आता नऊची. तिचे ताप, तिच्या उवा, तिची पहिली अक्षरं, सगळं माझ्या हाताखालून गेलं. मला ना नवरा, ना पोर. तू पोटासाठी गेलीस, मजेसाठी नाही, हे मला माहीत नव्हतं का? पक्कं माहीत होतं. तरीही मनात यायचं की हिने जन्म दिला आणि बाकी सगळं मी केलं, मग रविवारसुद्धा हिचाच का? हे वाचून मला काय म्हणायचं ते म्हण. मी स्वतःला म्हणून बसले आहे.

मागच्या रविवारी तू रडलीस आणि म्हणालीस, "राहू दे तिला तुझ्यापाशी, ताई. मी कागद करतच नाही." फोन ठेवल्यावर मला काय झालं ठाऊक आहे? आनंद झाला. इतका की मी तेओदोराकाकूंना आपणहून हाक मारली आणि गरम चिपा फुकट दिला. त्या म्हणाल्या, "लॉटरी लागली की काय तुला?" मी म्हणाले, "तसंच समजा."

त्या दिवशी वर्गात तिच्या हार्पची तार तुटली होती. मास्तरांनी लवकर सोडलं. ती भट्टीमागे उभी राहून सगळं ऐकत होती, हे मला जेवताना कळलं. ताटात बघत, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "मावशी, आज चार वाजता मी कुठे खेळायला गेले होते?"

मी तिच्या ताटात आणखी वाढलं.

"चार वाजता तर आपण दोघी मांदिओकाचे कंद सोलत होतो," ती म्हणाली.

"जेव," मी म्हणाले. ती मुकाट्याने जेवली.

मला वाटलं होतं, रुसेल, आदळआपट करेल, तुझ्या नावाने रडेल. त्यातलं काही केलं असतं तर बरं झालं असतं. तिने आठवडाभर मला जपलं. न सांगता भांडी घासली. सकाळी माझी टोपली थांब्यापर्यंत उचलून नेली. गुडघ्याला तेल चोळून दिलं. "मावशी, तू दमलीस का?" "मावशी, तू चिडली नाहीस ना?" दिवसातून दहा वेळा. तेओदोराकाकू म्हणाल्या, "पोर सुधारली हो तुझी!" मला मान वर करून त्यांच्याकडे बघवेना.

आज ती वर्गाला गेली नाही. मी जा म्हणाले नाही, राहा म्हणाले नाही. वेणी घालून, हात धुऊन फोनशेजारी बसली. पाच वाजता फोन वाजला, तिने उचलला. तू विचारलंस, चार वाजलेत ना तिकडे? ती भिंतीवरच्या घड्याळाखालीच उभी होती. तिने वर घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि तुला म्हणाली, "हो आई, चार."

म्हणून ती तुझ्याशी पाहुण्यांशी बोलावं तशी बोलली, झुनिल्दा. एवढंसं पोर, एक हात फोनवर आणि सगळं लक्ष माझ्या तोंडाकडे. मी केलेलं खोटं तिला डोक्यावर घेऊन उभं राहावं लागलं, मग ती हसणार कशी? तू तिच्यावर रागावू नकोस. ती तुला कंटाळलेली नाही, एक दिवसही नाही. लाल जाकीट तिला आता हातात आखूड होतं, तरी ती दुसरं घेऊ देत नाही.

उद्या मी मास्तरांकडे जाणार आहे. तिला तीनच्या वर्गात घाला म्हणून सांगणार, आणि आधी पाचला का घातलं होतं तेही सांगणार. तेओदोराकाकूंना कळेल, म्हणजे गावाला कळेल. कळू दे. लोक हसलेले मला चाललं नाही म्हणून हे सुरू झालं, आता थुंकले तरी चालेल. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. फोन तिला करत जा. मी त्या वेळी घरात थांबणार नाही, काकूंच्या ओट्यावर जाऊन बसेन.

आणि ती कागदांची तारीख सोडू नकोस. ती गेली की माझं काय होईल हे मला माहीत नाही, पण ते तुझं काम नाही आणि तिचंही नाही.

आज तू फोन ठेवल्यावर मी तिला जवळ घेतलं. विचारलं, "खरं का नाही सांगितलंस गं आईला?" ती माझ्या हातांवरचं पीठ पुसत म्हणाली, "सांगितलं असतं तर आई तुझ्यावर चिडली असती. तू माझ्यावर चिडली असतीस. मग मी कुणाकडे राहिले असते?"

मला उत्तर येत नव्हतं असं नाही. एकच शब्द होता, 'आईकडे', आणि तो माझ्या तोंडून अजूनही निघाला नाही. तो तू तिला सांग. येत्या रविवारी, तुझ्या दहाला, आमच्या पाचला.

तुझी ताई म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरीही तुझीच,
एलाडिया