विश्रांती, सकाळी १०.३० पासून

रविवार, ९ नोव्हेंबर. दुपारी १.१०
आज चर्चमध्ये मिस्सात फादरांचं प्रवचन: रविवार प्रभूचा, काम बंद, घरादाराला विश्रांती. बोलताना माझ्याकडेच बघत होते. उधन्यात सव्वीस वर्षं रविवारसुद्धा न सोडता विजेच्या मोटारी दुरुस्त करतोय (शिकवलं कुणी नाही, बघून शिकलो), तेव्हा टोमणा मलाच. ठराव: पुढच्या रविवारपासून कडक विश्रांती. बायकोने, अंजनाने विचारलं, मलापण? तिला मिस्सानंतर चलथाणला बहिणीकडे जाऊन नुसतं पडायचंय. गुडघा दुखतो. किती वर्षं हेच म्हणते. म्हटलं, बायबल बघून सांगतो.

सोमवार, १०. सकाळी ६.२०
निर्गम, अध्याय २०, वचन १०. कुणी काम करू नये त्याची यादीच दिलीय. तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, वेशीतला परका. बायको नाही. तीनदा वाचलं, एकदा चष्मा पुसून. तिला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, यादीत गुरंढोरं आहेत? म्हटलं, आहेत. बरं, म्हणाली. समजूतदार बाई.

शनिवार, १५
उद्या गॅस पेटणार नाही (हे मी वाढवलं). म्हणून उद्याचं मटण, भाकरी, धुणं, सगळं आजच. अंजना पहाटेपासून उभी. मी वेळापत्रक केलं. लाल पेनने.

रविवार, १६
१०.३० खुर्चीत बसलो. विश्रांती सुरू.
१०.३७ चहा. चहा म्हणजे काम नव्हे. अंजनाने केला.
१०.५२ उशी मागितली.
११.०५ तिच्या ये-जा करण्याने विश्रांतीत अडथळा. म्हटलं, बस की जरा! म्हणाली, मग दुसरा चहा कोण ठेवणार?
११.४० खालच्या मगनभाईंची पाण्याची मोटार. बेअरिंग गेलंय. अख्ख्या सोसायटीत फक्त मला ऐकू येतं. नुसतं ऐकायला गेलो.
४.२० परत. मगनभाई म्हणाले, पोपटभाई, आजे तो रविवार छे ने? त्यांना सांगितलं, मेंढरू खड्ड्यात पडलं तर शब्बाथ दिवशीही काढावं, शुभवर्तमानात आहे. मोटार खड्ड्यातच होती.
मटण गार. अंजनाने गॅस पेटवला. माझ्यासाठी थांबल्याने तिचं चलथाण राहिलं. पण तत्त्वतः दिवस यशस्वी.

रविवार, २३
१०.१० मिस्सा संपला. चर्चच्या फाटकात रिक्षा, आत चलथाणची मेव्हणी भागीरथी. अंजना म्हणाली, मला गुरांत धरा. आणि बसली. रिक्षा गेली.
१०.३० खुर्ची. घर शांत. अशीच विश्रांती हवी होती.
१०.३७ चहा आला नाही.
१.०० जेवण नाही. काल मटण केलंच नव्हतं, हे आत्ता लक्षात आलं.
२.४५ चहापूड शोधली. अकरा डबे उघडले. सातांत डाळी, चहापूड कशातच नाही. मोटारीची प्रत्येक वायर रंगावरून ओळखतो मी.
३.१० फोन केला. भागीरथीने उचलला. म्हणाली, दाजी, ताई अकरापासून झोपलीय. इतकी गाढ की कूसपण बदलली नाही. उठवू का?
म्हटलं, नको.
३.१५ खुर्चीत बसलो.
३.१६ उठलो.